बस उचलली, वाट मोकळीच राहिली

18 जून 2020 रोजी अलास्का आर्मी नॅशनल गार्डच्या जवानांनी स्टॅम्पीड वाटेवरच्या एका गंजक्या बसच्या छताला आणि तळाला भोके पाडली, त्यांतून साखळदंड ओवले आणि चिनूक हेलिकॉप्टरने ती बस अधांतरी उचलून नेली. बसवर 142 हा आकडा होता. ख्रिस मॅककँडलेस हा चोवीस वर्षांचा तरुण 1992 च्या ऑगस्टमध्ये याच बसमध्ये उपासमारीने गेला. जॉन क्रॅकॉअरने त्याच्यावर लिहिलेले ‘इनटू द वाइल्ड’ हे पुस्तक 1996 मध्ये आले, शॉन पेनचा चित्रपट 2007 मध्ये आला, आणि जगभरातून तरुण मुले-मुली पाठीवर बोजा घेऊन त्या बसकडे चालू लागली. त्यांतले काही अर्ध्या वाटेत अडकले, काहींना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले, दोघी नदीत बुडाल्या. शेवटी सरकारने बसच हलवली.

हा निर्णय पुष्कळांना रुचला नाही. आपल्याकडेही ट्रेकर मंडळींत आणि वाचकांत या विषयावर बोलणे निघाले की एक मत हटकून ऐकू येते, आणि ते मांडणारी माणसे विचारी असतात. त्यांचे म्हणणे असे: रान धोक्याचे असणारच, सज्ञान माणसाला तो धोका पत्करण्याचा हक्क आहे, सरकारने आज एक बस उचलली, उद्या कड्यांना जाळ्या ठोकेल. शिवाय ती बस म्हणजे एका आयुष्याचे स्मारक होते, ते जागेवरच शोभत होते. लोकांची एवढीच काळजी होती तर नदीवर एक पूल बांधायचा होता. हा पूर्वपक्ष मी हलक्याने घेत नाही. तरीही तो प्रत्येक पायरीवर चुकतो असे माझे मत आहे, आणि सर्वांत मोठी चूक पहिल्याच पायरीवर आहे. बसला तो रानाचा भाग समजतो.

ती बस तिथे आली कशी, हे आधी पाहू. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची 1946 ची ही गाडी फेअरबँक्स शहरात प्रवासी वाहतूक करीत होती. अलास्काला राज्याचा दर्जा मिळाल्यावर, 1960-61 च्या सुमारास, स्टॅम्पीडच्या अँटिमनी खाणीकडे जाणारी जुनी वाट सुधारण्याचे काम युटान कन्स्ट्रक्शन या कंपनीला मिळाले. कामगारांना राहायला म्हणून कंपनीने जुन्या बसमध्ये झोपायचे पलंग आणि पत्र्याच्या पिंपाची शेगडी बसवली आणि त्या ओढत रानात नेल्या. काम थांबले तेव्हा आस मोडलेली ही एक बस सुशाना नदीजवळ मागे राहिली. रस्ता झाला, पण वाटेतल्या नद्यांवर पूल कधीच झाले नाहीत. काही वर्षांत बर्फाळ जमीन वितळून आणि पुरांनी रस्ता खचून गेला. म्हणजे ती बस कोणी स्मारक म्हणून ठेवली नव्हती, निवारा म्हणूनही मुद्दाम बांधली नव्हती. अर्धवट सोडलेल्या सरकारी कामाचा तो कंत्राटदाराने टाकून दिलेला कचरा होता. रानाचे रानपण जपायचे असेल तर त्यातला पहिला उपरा पदार्थ तीच होती. आज रानाच्या नावाने जे तिच्यासाठी हळहळतात, त्यांनी एवढे तरी मान्य करावे.

त्या बसचा उपयोग होता हे खरे आहे. मूस या मोठ्या हरणाची शिकार करणारे, सापळे लावणारे, हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन फिरणारे लोक तिच्यात रात्र काढत. पण स्थानिक माणूस तिथे केव्हा आणि कसा जातो ते पाहिले पाहिजे. तो जातो नद्या गोठल्यावर, किंवा शरद ऋतूत पाणी उतरल्यावर मोठ्या चाकांच्या गाडीतून. मॅककँडलेसचा देह 6 सप्टेंबर 1992 ला सापडला तो अशाच मूस-शिकाऱ्यांना. तीस वर्षे त्या बसने कोणाला रानात ओढून नेले नव्हते. ती ओढू लागली ते तिला कथा मिळाल्यावर. आणि या स्थानिकांचा कौल काय होता? मार्च 2020 मध्ये डेनाली बरो या तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या निर्वाचित सभेनेच बस हटवावी असा ठराव केला. ज्यांच्या हक्काचा तो निवारा होता त्यांनीच तो नको म्हटले. दूरच्या वाचकाने त्यांच्या वतीने हक्काचे भांडण मांडावे, यात अर्थ उरत नाही.

आता नदीकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणाचे मर्म नदीत आहे आणि चर्चेत तीच सर्वांत कमी येते. वीस-पंचवीस वर्षे लोक वाद घालत राहिले ते मॅककँडलेसने खाल्लेल्या बियांवर. क्रॅकॉअरने रानबटाट्याच्या बियांतल्या विषाचे एकामागून एक तर्क मांडले. 2013 मध्ये एक तर्क असाही पुढे आला की त्या बियांत आपल्या लाखोळी डाळीतले, पाय लुळे करणारे द्रव्य असावे. विदर्भातल्या जुन्या पिढीने लाखोळीने अधू झालेली माणसे पाहिली आहेत, म्हणून मराठी वाचकाला हा तर्क जवळचा वाटेल. तो टिकला नाही. पुढच्या तपासणीत एल-कॅनाव्हानिन या दुसऱ्या द्रव्याचे नाव आले, आणि त्यावरही एकमत नाही. पण हा सारा वाद दुय्यम आहे. तो तरुण जुलैच्या सुरुवातीला धडधाकट होता आणि परत निघाला होता. 3 जुलैला त्याने बस सोडली, 5 जुलैला टेक्लानिका नदीच्या काठावर पोचला आणि पाणी पाहून मागे फिरला. एप्रिलअखेरीस जी नदी त्याने पायी ओलांडली होती तीच आता ओलांडणे अशक्य होते. पुढे बिया असोत की भूक, त्याला अडवले ते नदीने. थोड्या अंतरावर खाली पाणी मोजणाऱ्यांचा दोरखंडावरचा पाळणा होता, त्यातून पलीकडे जाता आले असते. पण सविस्तर नकाशा जवळ नसल्याने त्याला तो माहीतच नव्हता.

टेक्लानिका ही हिमनदीतून निघणारी नदी आहे. आपल्या नद्यांचे शहाणपण तिथे उपयोगी पडत नाही. आपण पाऊस बघून पुराचा अंदाज घेतो. तिथे स्वच्छ ऊन पडले की पूर येतो. बर्फ जितके वितळेल तितके पाणी चढते, म्हणून ऐन जुलैत ती सर्वांत जोरात असते. रोजचीही भरती-ओहोटी असते: पहाटे पाणी कमी, दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त. सकाळी गुडघ्याएवढ्या पाण्यातून गेलेला माणूस संध्याकाळी परतताना कमरेच्या वर पाणी बघतो. पाणी गोठणबिंदूच्या जवळपास थंड, त्यामुळे पाय काही मिनिटांत बधिर होतात. हिमनदीने दगड घासून केलेला बारीक गाळ पाण्यात इतका असतो की तळ दिसत नाही. वाट जिथे नदी ओलांडते त्याच्या जरा खाली प्रवाह अरुंद घळीत शिरतो, म्हणजे पाय सुटला तर सावरायला जागा नाही. हे सगळे शिकता येते, आणि शिकलेला माणूस वेळ पाहतो, नदीची रुंद, उथळ, फाटे फुटलेली जागा शोधतो, आणि जमणार नाही असे दिसले तर दोन दिवस थांबतो किंवा परत जातो. बसकडे निघालेल्याला परत जाणे जड जाते. तो हजारो किलोमीटरवरून आलेला असतो, परतीचे तिकीट ठरलेले असते, आणि बस पलीकडे आहे. 2010 मध्ये स्वित्झर्लंडची एक तरुणी या नदीत बुडाली. 2019 च्या जुलैत बेलारूसची, नुकतेच लग्न झालेली एक तरुणी नवऱ्याबरोबर बसकडे जाताना बुडाली.

इथे पूर्वपक्षाचे पुलाचे म्हणणे येते. ते दिसायला दयाळू आहे. पण बसपर्यंतची चाल तीस किलोमीटरच्या आसपास, वाटेत सॅव्हेज नदी, दलदल, अस्वले, डास, आणि फोन लागत नाही. एका नदीवर पूल बांधला की ही वाट सुरक्षित होत नाही, सुरक्षित भासते. जो आज टेक्लानिकाच्या काठावर घाबरून मागे फिरतो, तो पुलावरून निर्धास्त पुढे जाईल आणि त्याची पंचाईत आणखी पंधरा किलोमीटर आत होईल. फेब्रुवारीत नदी गोठलेली असते, म्हणजे बर्फाचाच पूल असतो, तरीही 2020 च्या फेब्रुवारीत बस पाहून परतणाऱ्या पाच इटालियन प्रवाशांना सोडवावे लागले; एकाच्या पायांना हिमदंश झाला होता. पुन्हा एप्रिलमध्ये ब्राझीलचा एक जण अडकला, त्यालाही बाहेर काढावे लागले. नदी ही धोक्यांपैकी एक होती. धोक्याकडे नेणारी गोष्ट एकच होती.

फलक, परवाने, शुल्क यांचे म्हणणेही असेच तपासावे लागते. योसेमिटीतल्या हाफ डोमवर 1919 पासून लोखंडी तारा आहेत. गर्दी जीवघेणी झाल्यावर तिथे परवान्याची सोडत सुरू झाली आणि रोज साधारण तीनशेच माणसे वर जाऊ लागली. उपाय चांगला आहे आणि लागू पडला, कारण तिथे रेंजर आहेत, आखीव वाट आहे, खाली दवाखाना आहे. डेनाली शिखरावर जाणाऱ्याला 60 दिवस आधी नोंदणी करावी लागते, टॉकीटना गावात रेंजरकडून सूचना ऐकूनच विमानात बसावे लागते. स्टॅम्पीड वाटेवर परवाना तपासणार कोण, आणि कुठे? डेनालीचे उदाहरण मला दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाचे वाटते. 6,190 मीटरचे ते शिखर बसपेक्षा कितीतरी अधिक माणसे गिळते, आणि ते बंद करा असे कोणी म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. डेनालीवर जाणारा माणूस डेनालीसाठी येतो. वर्षानुवर्षे दोर, बर्फ, उंची यांचा अभ्यास करून येतो. बसकडे जाणारा कथेसाठी येत होता, आणि त्या कथेचा नायक तयारीविना गेला हेच तिचे आकर्षण होते. तयारी न करणे हा जिथे भक्तीचा भाग होतो, तिथे सूचनाफलक काय करणार?

यात्रेची उपमा इथे अनेक जण देतात, आणि ती देऊन बसचे समर्थन करतात: माणसाला कष्टाची वाट आणि वाटेच्या शेवटी एक ठिकाण लागते. मला ते पटते. पण मग यात्रा म्हणजे काय ते पुरते पाहावे. पंढरीच्या वारीत दिंडी असते, चोपदार असतो, ठरलेले मुक्काम असतात, पाण्याची आणि जेवणाची सोय करणारी गावे असतात, आणि चालणाऱ्याला एकटे पडू न देणारी माणसे असतात. बसच्या यात्रेने एकटेपणालाच पुण्य ठरवले. तीर्थ उभे राहिले, पण यात्रेकरूला सांभाळणारी कोणतीही परंपरा त्याच्याबरोबर आली नाही. गंमत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून सांगतो: चित्रपटासाठी तयार केलेली हुबेहूब बस या वाटेजवळच्या हीली गावात हमरस्त्यालगत उभी आहे, तिच्यात बसून फोटो काढता येतो. तरीही लोक तीस किलोमीटर चालून खऱ्या बसकडे जात राहिले. पाहण्याची हौस एवढेच कारण असते तर दुसरी बस पुरली असती.

लोक या बसकडे येत राहणार हे मॅककँडलेसच्या आईवडिलांनी सर्वांआधी ओळखले होते असे मला वाटते. 1993 च्या जूनमध्ये ते हेलिकॉप्टरने बसपाशी गेले, आत मुलाच्या नावाची पितळी पाटी लावली, आणि एका पेटीत औषधे, टिकाऊ अन्न आणि जीव वाचवायला लागणारे इतर सामान ठेवले. सोबत एक चिठ्ठी होती: जो कोणी वाचेल त्याने लवकरात लवकर आपल्या आईवडिलांना फोन करावा. पुस्तक अजून लिहिले गेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांचा मुलगा तिथे गेला त्यांनी स्मारकाबरोबर पुढच्या अडकलेल्यासाठी शिदोरी ठेवली. स्मारक जागेवरच हवे म्हणणाऱ्यांनी या पेटीचा विचार करावा.

आता ‘जीव ज्याचा, जबाबदारी त्याची’ या तत्त्वाकडे. हे तत्त्व खरे ठरायला एक अट आहे: अडकलेल्याला कोणी सोडवायला जाऊ नये. तसे जगात कुठेच होत नाही आणि होऊ नये. अलास्काच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या नोंदीप्रमाणे 2009 ते 2017 या काळात एकट्या या बसमुळे 15 शोध-बचाव मोहिमा कराव्या लागल्या. त्या करणारे कोण? राज्याचे पोलीस म्हणजे ट्रूपर, राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर, आणि हीली भागातल्या ट्राय-व्हॅली अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, म्हणजे आपले कामधाम सोडून धावणारी गावातली माणसे. त्यांचा जीवही पणाला लागतो. मार्च 2013 मध्ये टॉकीटनाजवळ अडकलेल्या एका स्नोमोबाइलस्वाराला घेऊन परतताना अलास्का ट्रूपरचे हेलिकॉप्टर खराब हवेत कोसळले. वैमानिक, ट्रूपर आणि सोडवलेला माणूस तिघेही गेले. ती मोहीम बससाठी नव्हती, पण बससाठी निघणारे प्रत्येक उड्डाण त्याच आभाळातून होते. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र या बचावपथकाची मुले भर पावसात दोर घेऊन दरीत उतरतात, त्यांना ओळखणाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. धोका पत्करण्याचा हक्क माझा असू शकतो. दुसऱ्याला धोक्यात उतरवण्याचा हक्क मला कोणी दिला?

आणि स्वातंत्र्य. पूर्वपक्षाचा सगळा भर यावर आहे, म्हणून नेमके काय काढून घेतले ते मोजू. स्टॅम्पीडची वाट बंद केली नाही. टेक्लानिका ओलांडायला मनाई केली नाही. कोणाला दंड नाही, अटक नाही, चौकी नाही. ज्याला रानात एकटे जायचे आहे तो पूर्वीसारखाच जाऊ शकतो, त्या बसच्या रिकाम्या जागेपर्यंतही जाऊ शकतो. काही जण जातीलही. पण रिकाम्या जागेसाठी महासागर ओलांडून येणारे थोडे. सरकारने धोक्याला हात लावला नाही, आमिष उचलले. हा फरक महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच कळावा, कारण आपल्याकडे नेमके उलट होते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, आणि लगेच पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी ठिकाणी मनाईचे आदेश निघाले. असे आदेश निघाले की सराईत आणि नवखा दोघांनाही एकाच काठीने अडवले जाते, गावातल्या चहावाल्याचा हंगाम बुडतो, आणि पोलीस हटताच नवखा पुन्हा पाण्यात उतरतो. सह्याद्रीतल्या या सरसकट बंदीला माझा विरोध आहे, आणि बस हलवण्याला पाठिंबा आहे; दोन्हींचे कारण एकच. धबधबा आणि कडा उचलून नेता येत नाहीत, आणि नेऊही नयेत; तिथे वाटाडे, पाण्याच्या पातळीचे इशारे, प्रशिक्षित माणसे हाच मार्ग आहे. बस उचलता येत होती.

म्हणूनच ‘आज बस, उद्या कडे’ ही भीती मला निराधार वाटते. प्रत्येक प्रकरण त्याच्या त्याच्या गुणांवर तोलता येते. ऑस्ट्रेलियात उलुरू खडकावर 1964 मध्ये ठोकलेली साखळी चढाई बंद झाल्यावर काढली गेली. चढाई 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे. तिथे मृत्यू तीसहून अधिक झाले होतेच, पण मुख्य कारण ते स्थान तिथल्या मूळच्या अनांगू लोकांना पवित्र आहे हे होते, आणि तो निर्णय योग्य होता. हवाईतल्या हाइकू जिन्याबद्दल मात्र मी तोडणाऱ्यांच्या बाजूने नाही. 1942 मध्ये नौदलाने रेडिओ केंद्रासाठी बांधलेल्या त्या जवळपास चार हजार पायऱ्यांबद्दल मुख्य तक्रार शेजाऱ्यांच्या अंगणातून होणाऱ्या चोरट्या ये-जेची आहे, आणि ती रीतसर वाट काढून दिली तर मिटू शकते. तोडणे किंवा हटवणे हा शेवटचा उपाय आहे. स्टॅम्पीडवर तो शेवटी आला होता.

स्मारकाच्या मुद्द्याला एक छेद द्यायचा राहिला. जागेवर ठेवल्याने बस जपली जात होती असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. तिच्या काचा फुटल्या होत्या, पत्र्याला बंदुकीच्या गोळ्यांनी भोके पडली होती, आठवण म्हणून लोक तिचे तुकडे काढून नेत होते. आणखी वीस हिवाळ्यांत तिथे सांगाडा उरला असता. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या ‘म्युझियम ऑफ द नॉर्थ’कडे आहे, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या जतनाचे काम सुरू झाले. आतल्या भिंतींवर भेट देणाऱ्यांनी खरडलेल्या ओळींचेही तिथे जतन होते आहे. गुडघे दुखणारा म्हातारा, चाकाच्या खुर्चीतली मुलगी, मॅककँडलेसच्या वयाचा मुलगा गमावलेली आई, यांना ती बस रानात कधीच दिसली नसती.

आधी जाहीर न करता बस हलवली, लोकांचे म्हणणे ऐकले नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सार्वजनिक गोष्टीवर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी. पण तारीख जाहीर झाली असती तर शेवटच्या दर्शनाला जून महिन्यात, नदी चढत असताना, किती माणसे धावली असती? बस कुठे ठेवावी हा प्रश्न नंतरचा होता, आणि चर्चेची योग्य जागा तीच होती.

या निर्णयात दोष शोधायचाच असेल तर तो उशिराचा आहे. 2010 मध्ये पहिली तरुणी बुडाली तेव्हा पुस्तकाला चौदा वर्षे आणि चित्रपटाला तीन वर्षे झाली होती, आणि लोक कशासाठी येतात हे हीलीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होते. तेव्हाच चिनूक पाठवले असते, तर 2019 च्या जुलैत एका नवविवाहितेला ती नदी ओलांडण्याचे कारणच उरले नसते.